जाताना सांगून जावं

"घट्ट धर गं बाई, हात हलू देऊ नकोस," गंगाधरपंत म्हणाले.

बनुबाईनं दोन वर्षांच्या ज्ञानूला मांडीत आवळून धरलं. पंतांनी दिव्यावर धरलेली सुई निवू दिली, काचेच्या बारीक नळीतला लसीचा थेंब पोराच्या दंडावर ठेवला आणि त्यावरून ओरखडे काढले. ज्ञानूनं चावडी डोक्यावर घेतली. मोकळ्या हातानं त्यानं आईच्या तोंडावर चापट्या मारल्या, तिचे केस ओढले, आणि मारून दमल्यावर तिच्याच पदरात तोंड खुपसून हमसू लागला. जरा वेळानं पदरातून एक डोळा बाहेर आला आणि दिव्याच्या निळ्या ज्योतीकडं बघू लागला.

"सुई डाक्टरनी टोचली आन् मार आयला," पेटी सांभाळणारा कोंडीबा शिपाई हसला.

"मारू दे की," बनुबाई म्हणाली. "धरल्यालं म्याच व्हतं. मग दुसऱ्या कुणाला मारंल?"

पंतांनी लसीची पुढची नळी हातात घेतली. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या त्या गावात ते दरवर्षी येत. सत्तावीस वर्षं जावळी तालुक्यात ते देवी टोचत हिंडत होते. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत, पण ते डॉक्टर नव्हते. सरकारी व्हॅक्सिनेटर होते. बेळगावहून लस येई, ती घेऊन गावोगाव जायचं, पोरांचे दंड ओरखडायचे, आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरलेत की नाही ते बघायचं. बेचाळीसच्या धामधुमीत पोलिसांनी दोनदा त्यांची पेटी उघडून पाहिली होती. तेवढीच काय ती त्यांच्या नोकरीतली खळबळ.

ज्ञानूच्या मागून चार वर्षांची एक मुलगी पुढं आली. कुणाचंही बोट न धरता आली. बसली, दंड पुढं केला आणि चावडीच्या छपराच्या वाशांकडं बघत राहिली. सुई फिरली तरी तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही.

"शाबास," पंत म्हणाले. "शहाणी आहेस हो."

मुलगी उठून गेली. बनुबाई तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत होती.

"आय न्हाई तिला," ती म्हणाली. "मामीच्यात असती. रडंल कुणापाशी?"

पंतांनी सुई पुसायला घेतली. ती त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

"तुमाला लेकरं किती वं, डाक्टर?"

"एक मुलगी. सांगलीला दिली आहे. मुलींच्या शाळेत शिकवते."

"येती का भेटाय?"

"तिला वेळ कुठला? संसार, नोकरी. हुशार आहे. स्वतःचं स्वतः बघते."

हे ते नेहमीच सांगत. विनोदिनीनं कधी काही मागितलं नाही, कधी त्रास दिला नाही. सांगताना त्यांचा आवाज समाधानाचा असे. त्या दिवशी मात्र बनुबाई "व्हय का" एवढंच म्हणाली आणि ज्ञानूला खांद्यावर टाकून निघून गेली.

मेढ्याला खोलीवर परतले तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेलं पत्र पायाखाली आलं. जावयाचं होतं. मधुकर सांगलीच्या हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर होता आणि त्याचं अक्षर चित्रासारखं होतं. ती. नाना, सा. न. वि. वि. सौ. विनोदिनीच्या पोटात गाठ निघाली असून मिरजेच्या दवाखान्यात परवा शस्त्रक्रिया झाली. धोका टळला आहे. तिनं आपणास कळवू नये असे बजावले होते, तरीही कळवत आहे. पमाला सांभाळायला कुणी नाही.

पंतांनी पत्र दोनदा वाचलं. शस्त्रक्रिया झाली होती. होणार आहे असं नव्हतं. मुलगी टेबलावर असताना ते कुठल्या तरी वाडीत कुणाच्या तरी पोराचा दंड पुसत होते. आपल्याला राग आला आहे का, हे त्यांनी स्वतःत शोधून पाहिलं. राग नव्हता. जे होतं त्याला काय म्हणायचं ते त्यांना कळेना. त्यांनी स्टोव्ह पेटवून पिठलं केलं, एकट्यानं जेवले आणि सकाळी कचेरीत जाऊन महिन्याची रजा टाकली.

*

पंतांचं लहानपण वाईत गेलं. ते सात वर्षांचे असताना प्लेगची साथ आली आणि आईला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं. ती परत आली नाही. वडील कोर्टात कारकून होते. बातमी आली त्या सकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं आणि म्हणाले, "रडून काय होणार आहे? पाढे म्हण." गंगाधरनं तिसापर्यंत पाढे म्हटले. वडील वाईट नव्हते. पोराला कधी उपाशी ठेवलं नाही की त्याच्यावर हात उगारला नाही. त्यांनी हातच लावला नाही.

विनोदिनी पाच वर्षांची असताना पंतांची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. फिरतीची नोकरी, पोरीला कुठं ठेवायचं? त्यांनी तिला वाईला थोरल्या बहिणीकडं, उमाताईकडं ठेवलं. महिन्यातून एकदा दोन दिवस जात. पहिल्या खेपेला निघताना विनोदिनीनं त्यांच्या धोतराला अशी मिठी मारली की उमाताईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. गल्लीच्या टोकापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. पंत भरभर चालले, जवळजवळ पळालेच. ते रडणं त्यांच्यानं ऐकवत नव्हतं, आणि का ऐकवत नाही याचा विचार करण्याची त्यांना सवय नव्हती.

"तिला सांगूच नकोस," उमाताई म्हणाली. "पहाटे झोपेत असताना निघत जा. पोरं विसरतात."

मग ते पहाटे निघू लागले. वहाणा हातात घेऊन, कडी न वाजवता. तीन-चार खेपांनंतर रडारड थांबली. सहा महिन्यांनी ते एकदा दिवसाउजेडी निघाले, तर विनोदिनी अंगणात सागरगोटे खेळत होती. मान वर न करता म्हणाली, "जा." पंतांना केवढं हायसं वाटलं. पोर शहाणी झाली, असं त्यांनी मेढ्याला आल्यावर चार जणांना सांगितलं.

*

सातारा रोडला गाडी धरून, मिरजेला बदलून ते सांगलीला पोचले. गावभागातल्या एका चाळीत मधुकरच्या दोन खोल्या होत्या. पमा, म्हणजे नात प्रमोदिनी, जमिनीवर बसून रंगीत खडूचे तुकडे लांबीप्रमाणे ओळीनं मांडत होती. चार वर्षांची. पंतांनी तिला याआधी दोनदाच पाहिलं होतं.

"आजोबा आलेत, नमस्कार कर," मधुकर म्हणाला.

तिनं नमस्कार केला आणि परत खडूंपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या लीलाबाई आल्या आणि पमाला पुढच्या दाराशी नेऊन चिमण्या दाखवू लागल्या. तेवढ्यात मधुकर मागच्या दारानं शाळेला निघाला.

"विनोदिनीनंच ही सवय लावलीये," तो हळू आवाजात पंतांना म्हणाला. "तीही अशीच जायची शाळेला. रडारड होत नाही. पमा फार शहाणी आहे, नाना. आई दवाखान्यात गेली त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस नाही."

पंत आतल्या दारात उभे होते. तिथून त्यांना पमा दिसत होती. मागचं दार लागल्याचा बारीकसा आवाज झाला, तेव्हा चिमण्यांकडं दाखवणारं तिचं बोट जागच्या जागी थबकलं. क्षणभरच. मग ते पुन्हा हलू लागलं. "ती बघा, ती उडाली," ती लीलाबाईंना म्हणाली.

दुपारी ते पमाला घेऊन मिरजेला गेले. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर विनोदिनी पडली होती. तिचा चेहरा लहान झाला होता. वडिलांना बघून ती उठू लागली, पण टाके ओढले आणि पुन्हा मागं टेकली.

"तुम्ही कशाला आलात, नाना? रजा फुकट गेली तुमची."

"रजा साठलेलीच होती."

"मला काही झालेलं नाही. दहा-पंधरा दिवसांत घरी सोडतील."

पमा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बारा दिवसांनी आईला बघत होती, पण बघत नव्हती. खाटेच्या लोखंडी पायाला चाक होतं, ते तिनं बोटानं फिरवून पाहिलं. विनोदिनीनं हात पुढं केला. पमानं त्या हाताकडं पाहिलं आणि चाक पुन्हा फिरवलं. विनोदिनीचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग तिनं तो चादरीची सुरकुती काढायला वापरला.

"त्रास देत नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"शहाणी आहे ती. कुणाला त्रास देत नाही."

शब्द पंतांचेच होते. आवाजातलं समाधानही त्यांचंच होतं. फक्त आज ते बाहेरून ऐकू आलं, आणि त्यांना चावडीत छपराकडं बघत बसलेली ती बिनआईची पोर आठवली.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं पमाला संत्र्याची फोड देऊन बोलावलं तशी ती तिकडं गेली. पंत स्टुलावर बसले. पन्नास वर्षं त्यांनी असली गोष्ट कुणाशी बोलली नव्हती. सुरुवात कशी करायची तेही ठाऊक नव्हतं.

"वाईला उमाताईकडं होतीस तेव्हा," ते म्हणाले, "मी पहाटे निघायचो. तुला न सांगता. तू झोपेत असायचीस."

विनोदिनी खिडकीबाहेर बघत होती.

"झोपेत नसायची."

"म्हणजे?"

"जागी असायची मी. तुम्ही वहाणा हातात घ्यायचात, ते मला अंथरुणातून दिसायचं. दाराशी जाऊन एकदा मागं वळून बघायचात. तेव्हा मी डोळे मिटायची."

वॉर्डात कुणाचं तरी भांडं पडलं. नर्स कुणावर तरी रागावली.

"का मिटायचीस?"

"मी जागी आहे असं कळलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं." ती थांबली. "आणि वाईट वाटलं असतं तर मग तुम्ही आलाच नसतात, असं वाटायचं मला."

मग तिनंच विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखाद्या परगावच्या माणसाला गाडीची वेळ विचारावी तसं.

"मी रडले असते, तर थांबला असतात का हो?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं. पण तिनं खोटं ओळखलं असतं. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडून दुसरं काही घेतलं नसलं तरी त्यांचं नीट निरीक्षण केलं होतं.

"नसतो थांबलो," ते म्हणाले. "नोकरी होती. आणि नोकरी नसती तरी... मला ते ऐकवत नव्हतं, विनू."

विनू हे तिचं लहानपणचं नाव. ते शेवटचं कधी तोंडात आलं होतं ते त्यांना आठवेना. विनोदिनीनं मान हलवली.

"मग बरंच झालं," ती म्हणाली. जरा वेळानं तिनं डोळे मिटले. आता ती झोपली आहे की नाही हे पंतांना कळेना, म्हणून भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई चिमण्या दाखवायला आल्या, तेव्हा पंतांनी त्यांना परत पाठवलं.

"मधुकर, पुढच्या दारानं जा," ते म्हणाले. "तिला सांगून जा."

"नाना, पण रडली तर?"

"मी आहे."

मधुकर ओशाळल्यासारखा पमापाशी उभा राहिला. "पमा, मी शाळेत जातो हं. पाचला येतो." पमानं मान वर केली नाही. मधुकर गेला.

पंतही मग बारीकसारीक सगळं सांगू लागले. "पमा, मी भाजी आणायला जातो. भात उतरायच्या आत येतो." "पमा, मी नळावर जातो." आणि परत आल्यावर, "पमा, आलो." तेवढ्यापुरतं पमाकडं बघायला थांबणाऱ्या लीलाबाईंना हे चमत्कारिक वाटे. चार वर्षांच्या पोरीला इतका हिशोब कशाला द्यायचा? पमाकडून उत्तर येत नसे. ती खडू मांडत राही. पंतांना सवय होती, उत्तर न येण्याची. मेढ्याच्या खोलीत तर कित्येक दिवस त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नसे.

एका सकाळी रॉकेलच्या रांगेत त्यांना फार उशीर झाला. अकराला येतो म्हणून सांगितलं होतं, आणि घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजून गेले. चाळीच्या वळणावरून त्यांना दिसलं, पमा पायरीवर बसली होती. हात मांडीखाली घेऊन, रस्त्याकडं तोंड करून. त्यांना बघताच ती उठली आणि आत निघून गेली. ते आत आले तर ती पाठ करून खडूंपाशी बसलेली.

"पमा, मला उशीर झाला," ते म्हणाले. "रांग मोठी होती. तू वाट बघत होतीस."

"नव्हते," पमा म्हणाली.

पंत तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते. खूप वेळानं तिनं एक निळा खडू उचलून त्यांच्या बाजूला सरकवला. कुठं मांडायचा ते सांगितलं नाही. त्यांनी तो आपल्याला समजेल तसा ओळीत ठेवला. तिनं तो उचलून योग्य जागी लावला.

पंत आल्यापासून अठराव्या दिवशी विनोदिनी घरी आली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती पलंगावर बसून या दोघांचं बघत असे. वडील बाहेर जाताना पोरीला सांगतात, येतात तेव्हा सांगतात, हे तिच्या लक्षात आलं. एकदा पंत तांब्या घेऊन बाहेर निघाले आणि पमाला सांगून झाल्यावर त्यांनी पलंगाकडं वळून तिलाही सांगितलं, "विनू, पाणी भरून आणतो." विनोदिनीनं पुस्तक तोंडासमोर धरलं. पंत परत येईपर्यंत पान उलटलेलं नव्हतं.

रजा संपली. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "नाना, पमाला उद्याचं सांगू नका. आता ती तुमच्यात गुंतलीये. रडेल."

"रडू दे."

"मला ते जमणार नाही," ती म्हणाली. "ती रडायला लागली की मला काय करायचं ते सुचत नाही. माझे हातच हलत नाहीत."

"मलाही नाही सुचत," पंत म्हणाले. "एक बाई मला म्हणाली, रडायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी आपण व्हायचं. दुसरं काही करायला लागत नसेल बहुतेक."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास त्यांनी पिशवी भरली, कोट घातला आणि पमासमोर उकिडवे बसले.

"पमा, मी आज मेढ्याला जातोय. माझं काम तिकडं आहे. दुपारी येणार नाही. उद्याही येणार नाही. तुझ्या बाबांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की येईन."

"जा," पमा म्हणाली.

पंत उठले. मधुकरचा निरोप घेतला. विनोदिनी भिंतीला धरून दारापर्यंत आली होती, तिच्याकडं बघून त्यांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरले. अंगण ओलांडलं नसेल तोच मागून आवाज आला. पहिल्यांदा तो रडण्याचा वाटलाच नाही; दार करकरावं तसा वाटला. मग मोठा झाला. पमा खडू तसेच टाकून उंबऱ्यात येऊन उभी होती. तोंड उघडं, दोन्ही मुठी पोटाशी, आणि सगळं अंग हलत होतं.

"पमा, शहाणी ना तू..." विनोदिनी म्हणाली आणि मध्येच थांबली.

तिला पोरीला उचलता येत नव्हतं. ती भिंत धरून हळूहळू खाली बसली, उंबऱ्यात, पमाच्या शेजारी. टाक्यांना कळ लागली असावी. तिनं ओठ चावला. तिचा हात पमाच्या पाठीवर टेकला, उचलला गेला, परत टेकला. पमा तिच्याकडं वळली नाही. पण बाजूलाही झाली नाही. तशीच रडत राहिली, त्या हाताखाली.

पंत परत फिरले. अंगणाच्या मध्यापर्यंत आले.

"तुम्ही निघा, नाना," विनोदिनी म्हणाली. तिचा चेहरा कोरडा होता, आवाज मात्र कोरडा नव्हता. "गाडी चुकेल. मी बसते हिच्यापाशी." आणि ते वळल्यावर म्हणाली, "पोचलात की पत्र टाका."

आजवर तिनं त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं.

ते चालू लागले. गल्लीत रडणं ऐकू येत होतं. पाय भरभर उचलावेसे वाटत होते. ते त्यांनी उचलू दिले नाहीत. वळणावर एक पिठाची गिरणी होती, तिच्यापलीकडं गेलं की काही ऐकू आलं नसतं. गिरणीच्या अलीकडं ते थांबले. पिशवी खाली ठेवली. दळणाचे डबे घेऊन बायका त्यांना वळसा घालून जात होत्या. एकीनं विचारलं, कुणाचं घर शोधताय का म्हणून. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. बऱ्याच वेळानं रडणं बारीक झालं, अडखळलं, पुन्हा थोडं वर आलं आणि मग थांबलं. त्यानंतरही ते थोडे थांबले.

स्टेशनवर आले तेव्हा मिरजेची गाडी निघून गेली होती. फलाटावर एक म्हातारा हमाल तेवढा होता.

"गाडी गेली की, आवं," तो म्हणाला. "जरा पाय उचलायचा व्हता."

"घरी नात रडत होती," पंत म्हणाले.

"न्हान हाय व्हय?"

"चार वर्षांची."

हमालानं समजल्यासारखी मान हलवली आणि सावलीला गेला. पुढच्या गाडीला तीन तास होते. पंत बाकावर बसले. नेहमी निघायच्या घाईत मांडीवर धरलेली पिशवी आज त्यांनी शेजारी ठेवली आणि रिकाम्या रुळांकडं बघत राहिले.